घरच्या घरी करायची कोरोना टेस्ट किट, घरात केमो चालू असताना : वापरून सांगतेय

या किटचे जेवढे रिव्ह्यू मी वाचले ते सगळे धडधाकट माणसांचे होते. सर्दी झाली, टेस्ट केली, एकच रेघ आली, कामावर गेलो, पाच स्टार, विषय संपला. आमच्या घरातला हिशोब तसा नाहीये म्हणून हे लिहायला घेतलं. आईला लिम्फोमा आहे, रक्ताच्या कॅन्सरमध्येच धरतात तो, केमोच्या सायकल झाल्या आणि त्याच्याबरोबर रिटक्सिमॅब नावाचं औषध पण होतं, ते अजूनही ठरावीक अंतराने मेंटेनन्स म्हणून, म्हणजे आजार आटोक्यात राहावा म्हणून, चालू आहे. त्यामुळे ही किट आमच्याकडे थर्मामीटरसारखी कायम हाताशी असते आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरून झाल्यात, नावं घेत नाही कारण आतला माल सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो, फरक असतो तो स्वॅबच्या काडीत आणि माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरात.

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही ते सुटतील. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाचपैकी साडेचार. खुद्द पेशंटसाठी दोन, आणि ते दोनही एका ठराविक कारणासाठी, ते खाली येईलच. सरासरी वगैरे काढू नका, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक नेमकं तिथेच गल्लत करतात.

डब्यात काय असतं ते बहुतेकांना माहिती आहे. एक प्लास्टिकची पट्टी, नाकात घालायची काडी, छोट्या ट्यूबमध्ये द्रव आणि थेंब टाकायचं झाकण. काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, द्रवात घुसळायची, सांगितलेत तेवढेच थेंब पट्टीवर टाकायचे आणि वाट बघायची. पट्टीच्या आत विषाणूच्या एका प्रोटीनला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी लावलेल्या असतात, बऱ्याच किटमध्ये त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेले असतात, ती जी गुलाबी-जांभळी रेघ उमटते तो रंग त्या कणांचा. हो, खरं सोनं, पण पट्टी फोडून काही हाती लागणार नाही, माझ्या भावाने विचारून झालंय. पट्टीवर सी (C) आणि टी (T) अशी दोन अक्षरं असतात. सी ची रेघ आली म्हणजे पट्टी नीट चालली एवढंच, टी ची आली म्हणजे विषाणूचं प्रोटीन सापडलं. टी कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची, "जरा जरा दिसतेय" असला प्रकार नाही. मात्र छापलेल्या वेळेतच बघायची, तासाभराने कचऱ्यातून काढून बघितलेल्या रेघेला अर्थ नसतो.

लस घेतल्यामुळे ही टेस्ट पॉझिटिव्ह येते का हे आमच्याकडे प्रत्येक जण एकदा विचारतोच. नाही येत. बहुतेक किट ज्या प्रोटीनला शोधतात ते विषाणूच्या आतलं, न्यूक्लिओकॅप्सिड म्हणतात ते, आणि एमआरएनए लसींमुळे शरीर बनवतं ते बाहेरचं काट्याचं प्रोटीन. दोन्ही वेगळी.

आता मुद्द्यावर. किटवर मोठ्या अक्षरात जी अचूकता छापलेली असते ना, नव्वदच्या पुढचा काहीतरी आकडा, ती चाचणी बहुतेक वेळा लक्षणं असलेल्या आणि आजाराच्या पहिल्या काही दिवसांतल्या माणसांवर केलेली असते. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासून बघणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये अशा पुष्कळ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात लक्षणं असलेल्यांमध्ये या टेस्टनी सरासरी ७३ टक्के केस पकडल्या, लक्षणं नसलेल्यांमध्ये साधारण ५५ टक्के. म्हणजे काहीच होत नाहीये असा माणूस दारात उभा राहून टेस्ट करतो तेव्हा जवळजवळ निम्म्या केस सुटू शकतात. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात आकडा ८० च्या आसपास जातो आणि दुसऱ्या आठवड्यात परत धपकन खाली. याउलट पॉझिटिव्ह आली तर ती खरी असण्याची शक्यता मात्र भरपूर, खोटी पॉझिटिव्ह फार क्वचित. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की एका निगेटिव्हवर थांबू नका, लक्षणं असतील तर ४८ तासांनी परत करा, लक्षणं नसतील आणि संपर्क आला असेल तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीनदा करा. हे वाचून एकदम निराश व्हायला होतं पण उलट्या बाजूने बघा, ज्याच्या नाकात भरपूर विषाणू आहे आणि जो आत्ता या क्षणी दुसऱ्याला देऊ शकतो तो माणूस या पट्टीवर पकडला जायची शक्यता जास्त असते. आपल्याला दारात तेच तर हवंय. कुणाला तीन आठवड्यांपूर्वी कोरोना होऊन गेला का याच्याशी आईला काही घेणंदेणं नाही, आज तिच्याजवळ बसणारा माणूस पसरवतोय का हे महत्त्वाचं.

तर आमचा नियम साधा. ज्याला शिंक, खोकला, घसा, अंगदुखी यातलं काहीही आहे त्याने टेस्ट निगेटिव्ह आली तरी यायचं नाही, फोन करायचा. ज्याला काहीच नाही पण लग्न, प्रवास, गर्दी असं काही करून आलाय त्याने आल्या दिवशी टेस्ट, मास्क, आणि खिडकीजवळ बसायचं. सुरुवातीला लोकांना राग यायचा. मावशी तर म्हणाली सख्ख्या बहिणीला भेटायला परीक्षा द्यावी लागते का. दिली तिने, आणि एकदा तिच्याच घरच्या एकाची टेस्ट आमच्या दारात पॉझिटिव्ह निघाली, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं त्याच्या. त्यानंतर मावशी स्वतःच किट घेऊन फिरते. साडेचार स्टार या वापरासाठी, अर्धा कापला तो त्या ५५ टक्क्यांसाठी.

आता पेशंटसाठी दोनच स्टार का ते.

केमो घेतल्यानंतर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात, त्यातल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या आणि ताप आला की ती इमर्जन्सी असते. ताप म्हणजे किती, तर ३८.३ सेल्सिअस एकदा किंवा ३८ तासभर टिकला तरी, फॅरेनहाइटमध्ये १००.४ ते १०१ च्या आसपास समजा. अशा वेळी हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह असतो, कारण रक्तात बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असेल तर ते थांबत नाही कुणासाठी. आणि इथे ही किट घात करते. ताप आला, घरातले घाबरले, कुणीतरी किट काढली, टी ची रेघ आली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, अरे कोरोना आहे, सगळ्यांना होतोय, पॅरासिटामॉल द्या, उद्या बघू. अहो पण कोरोना पॉझिटिव्ह असणाऱ्या माणसाला त्याच वेळी न्यूट्रोपेनिया, म्हणजे न्यूट्रोफिल फार कमी झालेल्या, असू शकतो आणि बॅक्टेरियाचं इन्फेक्शनही असू शकतं, एक रेघ दुसऱ्याला नाही म्हणत नाही! आणि निगेटिव्ह आली तर अजून वाईट, मग "काही नाही, साधा ताप". केमोतल्या माणसाला साधा ताप नावाची गोष्ट नसते. केमो देतात त्या हॉस्पिटलच्या डे केअर वॉर्डातल्या सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ताप आला की आधी आम्हाला फोन, मग थर्मामीटर परत लावा, मग काय करायचं ते करा. किट त्यांच्या यादीत नव्हतीच. रात्री ताप आला तर रात्रीच निघायचं, पट्टी काहीही सांगो. पॅरासिटामॉल पण विचारल्याशिवाय नाही कारण ताप दबला की कळतच नाही काय चाललंय.

नाकाचंही सांगते, हे कुठल्याच पत्रकात ठळक लिहिलेलं बघितलं नाही. केमोमध्ये प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतील तर काडी जोरात फिरवली की नाकातून रक्त येऊ शकतं आणि ते थांबायला वेळ लागतो. काउंट कमी असताना स्वॅब घरी करायचाच नाही असं आम्हाला सांगितलंय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. काही कंपन्यांच्या काड्या इतक्या खरखरीत की मलाच डोळ्यात पाणी येतं.

रिटक्सिमॅबवाल्या पेशंटची अजून एक वेगळी भानगड आहे. हे औषध सीडी२० नावाची खूण असलेल्या बी पेशींना संपवतं, लिम्फोमा त्याच पेशींचा म्हणून, पण अँटिबॉडी बनवायचं काम पण त्याच कुळातल्या पेशींचं. बी पेशी परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणजे लस दिली तरी अँटिबॉडी नीट बनत नाहीत, प्रतिकारशक्तीतल्या दुसऱ्या, टी पेशींचा प्रतिसाद बऱ्याच जणांत येतो म्हणून लस वाया जात नाही, पण कवच अर्धंच. आणि कोरोना झाला तर शरीराला विषाणू बाहेर काढायलाच जमत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ७१ वर्षांच्या एका बाईंची केस छापून आली होती, त्यांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर, लक्षणं काहीच नाहीत, पण पहिल्या टेस्टनंतर ७० दिवसांपर्यंत त्यांच्याकडून संसर्ग करू शकणारा जिवंत विषाणू मिळत होता. ब्रिटनमधल्या एका पेशंटची ५०५ दिवसांची नोंद आहे आणि २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या ७२ वर्षांच्या एकाची ६१३ दिवसांची, तेही रक्ताच्या आजारावर उपचार घेणारे, आणि त्यांच्या अंगात तो विषाणू इतका बदलत गेला की नवीनच प्रकार तयार झाला, तो इतरांत पसरल्याचं आढळलं नाही हे बरं. सगळ्यांचं असं होतं असं अजिबात नाही, बहुतेक कॅन्सर पेशंट नेहमीसारखेच बरे होतात, विशेषतः ज्यांचा ट्यूमर एखाद्या अवयवात आहे आणि ट्रीटमेंट संपून काळ लोटलाय ते. पण रक्ताच्या कॅन्सरवाल्यांनी "दहा दिवस झाले, संपला" हा सगळ्यांचा नियम स्वतःला लावू नये.

आईला झाला तेव्हा आम्हाला हे सगळं प्रत्यक्षात दिसलं. ताप दोन-तीन दिवसांत गेला, खोकला गेला, माणूस बरा दिसतोय आणि पट्टीवर टी ची रेघ आहे ती आहेच, दर वेळी वाटायचं आज नसेल. मेंटेनन्सचा डोस पुढे ढकलला. इथे किटचा खरा त्रास असा की ती फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगते, किती आहे ते नाही, आणि हॉस्पिटलला ते किती हवं असतं, म्हणून आरटी-पीसीआर आणि त्याची सीटी व्हॅल्यू, हा आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त. पीसीआरचीही गंमत म्हणजे मेलेल्या विषाणूचे तुकडे पण तो पकडतो. मग दोन्हींचा मेळ घालत बसायचं, डॉक्टर म्हणाले ४८ तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह दाखवा मग बोलू. त्या काळात घरात दोन गट पडले, बाबा रोज टेस्ट करा म्हणणारे आणि दादा करूच नका म्हणणारे. माझं मत दादाकडे. रोज करून रेघ पळत नाही, पेशंटचं तोंड मात्र रोज उतरतं.

एका गोष्टीपासून लांब रहा. दुकानात याच्याच शेजारी अँटिबॉडी टेस्ट किट मिळते, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायची, डबा जवळपास सारखाच दिसतो. ती कोरोना आहे का ते सांगत नाही, होऊन गेलाय किंवा लस घेतलीय याची खूण शोधते. रिटक्सिमॅबवाल्या माणसाच्या अंगात अँटिबॉडीच बनत नसतील तर ती कोरोना होऊनसुद्धा निगेटिव्ह येईल. शून्य स्टार, आमच्या उपयोगाची अजिबात नाही.

बरं मग पेशंटसाठीचे ते दोन स्टार कशाचे? वेळेचे. कोरोनाच्या गोळ्या, निर्मात्रेल्विर आणि रिटोनाविरची जोडी, लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायच्या असतात. शिरेतून द्यायचं रेमडेसिविर तीन दिवसांचं, ते सात दिवसांच्या आत. आईला रात्री घसा खवखवला आणि घरात किट होती म्हणून त्याच रात्री कळलं, सकाळी ऑन्कॉलॉजिस्टना फोन गेला. लॅबची वाट बघत बसलो असतो तर त्यात दिवस गेले असते. पण परत तेच, पट्टी दाखवून केमिस्टकडून गोळ्या आणायच्या नाहीत! त्यातलं रिटोनाविर हे लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतं, त्याच एन्झाइमने कॅन्सरची कितीतरी औषधं शरीरातून साफ होतात, तेच अडवलं की त्या औषधांचं प्रमाण रक्तात भसकन वाढतं. व्हेनेटोक्लॅक्स, इब्रुटिनिब, आणि लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोमधलं व्हिन्क्रिस्टिन, या सगळ्यांशी त्याचं वाकडं आहे. व्हिन्क्रिस्टिनने आधीच हातापायाला मुंग्या, त्यात हे. आईच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची यादी मागवली, आधी फार्मासिस्टशी बोलले आणि शेवटी रेमडेसिविर दिलं. तर किटसोबत घरात पेशंटच्या चालू औषधांची लिहिलेली यादी ठेवा, तिच्यासाठी पैसे पडत नाहीत.

आता या किटबद्दल मला जे फोन आणि मेसेज येतात त्यातले निम्मे किटबद्दल नसतातच. लोकांना विचारायचं असतं की कोरोनाने कॅन्सर होतो का. पॉझिटिव्ह आली की पहिला प्रश्न ताप किती हा नाही, "आता पुढे काही होणार नाही ना" हा. पट्टी हे सांगू शकत नाही, तरी मला जेवढं कळलंय तेवढं लिहिते.

कॅन्सर घडवणारे विषाणू असतात हे खरंय. एचपीव्ही गर्भाशयमुखाचा, हिपॅटायटिस बी आणि सी लिव्हरचा, एपस्टाइन-बार काही लिम्फोमांचा, एचटीएलव्ही-१ एका ल्युकेमियाचा. पण या बहुतेकांची पद्धत म्हणजे शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकायचा, काही जण तर आपला जीनोमच, म्हणजे जनुकांचा अख्खा संच, पेशीच्या डीएनएत घुसवतात. कोरोना हा आरएनए विषाणू, साधारण ३०,००० अक्षरांचा, पेशीच्या केंद्रकाबाहेरच आपलं काम उरकतो आणि बहुतेक लोकांत काही दिवसांत निघून जातो. आजपर्यंत तो अशा कॅन्सरकारक विषाणूंच्या यादीत नाही. लसीने कॅन्सर होतो म्हणून जे फॉरवर्ड फिरतात त्यांना तर कसलाच आधार नाही, एमआरएनए पेशीच्या डीएनएपर्यंत पोचतच नाही.

मग चिंता शून्य का, तर तसंही नाही, आणि इथे जरा थांबून वाचा कारण अर्धवट बातमी फार पसरली आहे. जुलै २०२५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. उंदरांच्या फुप्फुसात ब्रेस्ट कॅन्सरच्या झोपलेल्या पेशी असतात, म्हणजे कॅन्सर आटोक्यात आलाय पण एखाद-दुसरी पेशी लपून बसलीय, अशा उंदरांना फ्लू किंवा कोरोनाचं इन्फेक्शन दिल्यावर त्या पेशी काही दिवसांत जाग्या होऊन वाढायला लागल्या. त्यात इन्फेक्शनच्या वेळी वाढणाऱ्या आयएल-६ या सूज आणणाऱ्या प्रोटीनचा मोठा हात दिसला. त्यांनी माणसांच्या नोंदीही तपासल्या. ब्रिटनच्या बायोबँक या आरोग्याच्या मोठ्या नोंदसंग्रहातल्या कॅन्सरमधून बाहेर आलेल्या लोकांत कोरोना झालेल्यांना कॅन्सरने मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसला, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि अमेरिकेतल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटमध्ये फुप्फुसात पसरण्याचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त. हा नव्याने कॅन्सर होण्याचा विषय नाही हे लक्षात घ्या, आधीचा झोपलेला उठण्याचा आहे. आणि नोंदी बघून काढलेला संबंध आहे, कोरोनामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मला तरी दारात किट ठेवायला एवढं कारण पुरतं.

याच्या अगदी उलटी केस पण आहे, ती लोकांना ऐकायला फार आवडते. ब्रिटनमध्ये ६१ वर्षांच्या एका माणसाला हॉजकिन लिम्फोमाचं निदान झालं आणि लगेच कोरोनाचा न्यूमोनिया. केमो नाही, स्टेरॉइड नाही, ११ दिवसांनी घरी सोडलं आणि चार महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठी बऱ्याचशा विरघळलेल्या. २०२१ मध्ये ही छापून आली, डॉक्टरांचा अंदाज की इन्फेक्शनमुळे भडकलेल्या प्रतिकारशक्तीने ट्यूमरवर पण हल्ला केला असावा. एकाने मला हे पाठवून लिहिलं होतं, मग काकूंना मुद्दाम होऊ द्या की कोरोना. काय बोलणार. एका माणसाची गोष्ट आहे ती, उपचार नाही. २०२० मध्ये अमेरिका, कॅनडा आणि स्पेनमधल्या ९२८ कॅन्सर पेशंटची माहिती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, त्यात १३ टक्के लोक गेले. लस नव्हती तेव्हा, आता परिस्थिती खूप बरी आहे, पण मुद्दाम होऊ देण्यासारखं काही नाही हे.

लसीच्या बाजूने ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली बातमी मात्र मला खरंच उत्साहाची वाटली. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार, सुरू करायच्या आधी किंवा नंतर १०० दिवसांच्या आत ज्यांनी कोरोनाची एमआरएनए लस घेतली होती अशा फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या पेशंटचं सरासरी आयुष्य ३७ महिन्यांच्या वर निघालं, न घेतलेल्यांचं साधारण २१. जुन्या नोंदींवरून काढलंय, नीट चाचणी व्हायची बाकी आहे. लसीनंतर काखेत गाठी सुजतात त्याला मात्र घाबरू नका, मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) किंवा पीईटी (PET) स्कॅन जवळ असेल तर कुठल्या दंडात कधी घेतली ते तिथल्या लोकांना सांगा, नाहीतर ती सूज बघून उगाच बायोप्सीपर्यंत प्रकरण जातं.

अजून एक, भीतीच्या भरात उपचार थांबवू नका. सुरुवातीला सगळीकडे हेच झालं, केमो पुढे ढकलल्या. मग ब्रिटनमधल्या ८०० पेशंटच्या अभ्यासात दिसलं की वय आणि इतर आजार हिशोबात धरले तर गेल्या चार आठवड्यांत केमो घेतल्यामुळे कोरोनाने मृत्यूचा धोका विशेष वाढत नव्हता. आणि उपचाराला चार आठवड्यांचा उशीर केला तर कॅन्सरनुसार मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो हे वेगळ्या मोठ्या आढाव्यात आलंय. रक्ताच्या कॅन्सरचं गणित जरा निराळं म्हणून डॉक्टर डोस पुढेमागे करतात, पण ते त्यांनी ठरवायचं, पट्टी बघून आपण नाही.

खरेदीचं थोडक्यात. तारीख बघून घ्या, काही कंपन्यांनी छापलेल्या तारखेनंतरही मुदत वाढवून दिलेली असते, ती वेबसाइटवर लॉट नंबर टाकून बघायची. २ ते ३० अंशात ठेवायची असते, उन्हात उभ्या गाडीत राहिलेली किट फेकून द्या आणि फ्रिजमधली असेल तर नॉर्मल तापमानाला आल्यावरच उघडा. ट्यूबमध्ये द्रव आधीच भरलेला असतो ती घ्या, वेगळ्या बाटलीतून ओतायची असते ती घाईत हमखास सांडते. एका कंपनीच्या किटमध्ये आम्हाला सी ची रेघच येईना, अख्खा डबा तसा, तक्रार केली तर उत्तर आलं की तुमची पद्धत चुकली असेल. बदलून दिली नाही. म्हणून नवीन कंपनीची किट घेतली की आधी एक पट्टी स्वतःवर वापरून बघते मी, पेशंटला गरज असेल तेव्हा नाही कळायला पाहिजे की माल खराब आहे.

आणि कंपन्यांपैकी कुणी वाचत असेल तर पत्रकात चौदा भाषांत "वैद्यकीय सल्ला घ्या" छापण्यापेक्षा डब्यावर बाहेरच मोठ्या अक्षरात एवढं छापा की केमो चालू असेल आणि ताप असेल तर निकाल काहीही येवो, आधी हॉस्पिटलला फोन करा. एवढं छापलंत तर पेशंटसाठीचे दोन स्टार मी स्वतः येऊन तीन करते.